घोट्यापर्यंतचा माणूस

पूर्णाकाठ विद्यापीठ सरकारी होतं, आणि ते कोणाला सांगावं लागत नसे. छत तीन ठिकाणी गळायचं, लिफ्टवर 'दुरुस्ती चालू आहे' ही पाटी सात वर्षं इमानेइतबारे लटकत होती, आणि कँटीनच्या चहाला चहा म्हणणं हे त्याच्यावर उपकारच होते. पण त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, पेशीविज्ञान आणि शरीररचना विभागात, एक यंत्र होतं. तशी यंत्रं तेव्हा सबंध देशात दोनच होती. त्याचं नाव ताणवाचक.

आता हे ताणवाचक म्हणजे काय, तर ऐका. पेशीला डोळे नसतात, कान नसतात, पण ताण कळतो. तुम्ही रोज विहिरीतून पाणी ओढलंत, तर तुमच्या खांद्यातल्या पेशीही रोज त्याच बाजूला ओढल्या जातात. पेशीच्या आत बारीक दोऱ्यांचं जाळं असतं, ते थेट केंद्रकाला बांधलेलं. जाळं ओढलं गेलं की केंद्रक दबतं, आणि त्यात गुंडाळून ठेवलेला डीएनए एका ठिकाणी सैल होतो, दुसऱ्या ठिकाणी आवळतो. हे एकदा झालं तर पेशी विसरून जाते. हजारो वेळा झालं तर तिथे एक रासायनिक खूण बसते आणि मग ती जात नाही. खुणांवर खुणा चढतात. शेजारची प्रथिनं ठरलेल्या गतीने म्हातारी होतात, त्यावरून कुठली खूण कधीची तेही सांगता येतं.

ताणवाचक या खुणा वाचायचं. देहदान केलेल्या माणसाच्या शरीरातून दोनशेबारा ठिकाणचे मोहरीएवढे तुकडे घ्यायचे, यंत्रात घालायचे आणि पडदे ओढून बसायचं. थोड्या वेळाने अंधाऱ्या खोलीत, जमिनीपासून वीतभर वर, फिक्या निळ्या उजेडाचं एक माणूस तरंगत उभं राहायचं. त्याला चेहरा नसे, कपडे नसत. नुसत्या जन्मभराच्या सवयी. ते पाण्याखाली असल्यासारखं सावकाश हलायचं. वाकायचं, उचलायचं, वळायचं. मुलं त्याला 'सावली' म्हणायची. सावली बघताना कोणी मोठ्याने बोलत नसे. तसा नियम काही नव्हता, पण आवाजच निघायचा नाही.

सुकेशिनी खंडारे तिथे एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि ताणवाचक चालवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिच्या जोडीला शोएब. तो तुकडे घ्यायचा, ती वाचायची.

सुरुवातीला नातेवाइकांना सावली बघायला बोलवत असत. गावात सगळ्यांना कडक म्हणून ठाऊक असलेल्या एका मुख्याध्यापकांच्या सावलीने चक्क लेझीम खेळायला सुरुवात केली! त्यांच्या बायकोने आधी पदर तोंडाला लावून हसून घेतलं, मग रडू लागली. "अहो, मला एकदा तरी दाखवायचं होतंत," ती त्या उजेडाला म्हणाली. पण सगळंच काही इतकं गोड निघालं नाही. दुसऱ्या एका गृहस्थांची सावली कोणाचा तरी हात धरून रोज जिना चढत होती, आणि त्यांच्या घराला जिनाच नव्हता. ते प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हापासून विभागाने नातेवाइकांसाठीचं वाचन बंद करून टाकलं. दात्याने स्वतः लिहून ठेवलं असेल आणि विभागप्रमुखांची सही असेल, तरच.

या सगळ्या भानगडीत सुकेशिनीने स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. मग तिचे बाबा गेले.

श्रावण खंडारे त्याच विभागात शवविच्छेदनाच्या हॉलवर परिचर होते. एकतीस वर्षं. देह स्वच्छ करणं, औषधात ठेवणं, टेबलावर मांडणं, सगळं त्यांच्याकडे. प्राध्यापक बदलले, अभ्यासक्रम बदलले, पण पहिल्या दिवशी नव्या मुलांना ओळीने उभं करायचं ते श्रावणभाऊंनीच. "सुरी नंतर," ते म्हणायचे. "आधी हात धरा. एक मिनिट. ओळख ना पाळख, अन् डायरेक्ट कापाले निघता का?" मुलं घाबरत, चाचरत तो थंड हात धरायची. कोणी रडायचं. एका मिनिटानंतर हॉलची भीती गेलेली असायची.

तर असा हा माणूस. शेकडो मुलांना मेलेल्यांचा हात धरायला शिकवणारा. त्याने आपल्या एकुलत्या एक मुलीचा हात कधी धरला नव्हता.

ही काही तक्रार म्हणून सांगत नाही, असंच होतं. तिच्या आठवणीत बाबांचे हात कायम पाठीमागे बांधलेले. पेन द्यायचं तर टेबलावर ठेवून द्यायचे. ताप आला तर बाबा दारात उभे, कपाळावरचा हात पंचफुला आत्याचा. आई ती बारा दिवसांची असतानाच गेलेली, त्यामुळे आत्याच घरी राहायला आली होती. सुकेशिनी दहावीला बोर्डात आली तेव्हा शेजारच्या काकांनीसुद्धा तिला जवळ घेतलं, आणि बाबा दोन पावलं मागे सरकून म्हणाले, "छान झालं, सुके." डोळे भरलेले, हात मागे. लहानपणी ती समजायची की बाबा थकून येतात. मोठी झाल्यावर तिने दुसरं उत्तर काढलं: आपल्यामुळे आई गेली, म्हणून. हे तिने कोणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या उत्तराने तिचं मन पार पोखरून टाकलं होतं.

बाबा गेले निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी, झोपेत. देहदानाचा अर्ज त्यांनी कधीच भरून ठेवला होता. खरं तर विद्यार्थिनीचा नातेवाईक असला की देह दुसऱ्या कॉलेजला पाठवतात. पण अर्जावर बाबांनी आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'इथंच ठेवा. पोरांना जे जे वाचायचं ते वाचू द्या.' पाटणकर मॅडम विभागप्रमुख होत्या. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि चार नंबरचं टेबल मोकळं करायला सांगितलं. सुकेशिनीला हॉलचं काम माफ झालं.

पंधरा दिवसांनी ती मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली.

"मला बाबांचं वाचन करायचंय, मॅडम. त्यांनी लिहून दिलंय."

"मुलांसाठी लिहिलंय. तुझ्यासाठी नाही."

"मी पण मूलच आहे ना त्यांचं."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "नेमकं काय शोधायचंय तुला?"

"मला कधी कडेवर घेतलं होतं का, ते."

"आणि नसेल घेतलं तर?"

"तर नाही म्हणून कळेल. आत्ता तेवढंही कळत नाही."

"सुकेशिनी, पेशी खोटं बोलत नाहीत, मान्य. पण त्या तुझ्या बाजूनेही बोलणार नाहीत," मॅडम म्हणाल्या, आणि तरी त्यांनी सही केली.

कडेवरची खूण ही विभागातली सगळ्यांत पक्की खूण. सहा महिने जरी मूल कडेवर वागवलं, तरी कंबर एका अंगाला कलते, दंडाचा स्नायू एका विशिष्ट कोनात ताणला जातो, मनगट आतल्या बाजूला वळून राहतं. ती खूण पुसली जात नाही आणि दुसऱ्या कशाशी तिची गल्लत होत नाही. शोएबने चार नंबरच्या टेबलावर जाऊन दोनशेबारा तुकडे घेतले. प्रत्येक वेळी आधी "माफ करा, श्रावणभाऊ" म्हणत होता, हे त्याने नंतर सांगितलं.

सोमवारी सकाळी अकरा वाजता त्यांनी पडदे ओढले. बाबांची सावली उभी राहिली.

सुकेशिनीला ते बाबाच आहेत हे चटकन कळलं. खांदे किंचित पुढे आलेले, मान डावीकडे कललेली. निळा उजेड हळूहळू काम करू लागला. फरशी पुसली. काहीतरी जड होतं, ते एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला वळवलं. एक छोटी गाठ बांधली, बहुधा नंबराच्या बिल्ल्याची. तिचं सगळं लक्ष कमरेकडे होतं. कंबर सरळ होती, दोन्ही अंगांनी सारखी.

आणि मग सावली वाकली. डावा तळवा पसरला, त्यात काहीतरी गोल, वजनदार येऊन विसावलं. ते सावलीने इतकं अलगद खाली टेकवलं, इतकं अलगद, की सुकेशिनी पुढे सरकली. टेकवल्यावरही तळवा लगेच निघाला नाही, जरा वेळ तसाच राहिला. बाळाचं डोकं! मीच ती, मीच! तिने घाईघाईने वजनाचा आकडा काढला.

पावणेपाच किलो.

एवढं वजन नुसत्या डोक्याचं असतं ते पूर्ण वाढलेल्या माणसाचं. हे तिला शोएबने सांगायची गरज नव्हती आणि त्याने सांगितलंही नाही. एकतीस वर्षं बाबा मेलेल्यांची डोकी लाकडी उशीवर टेकवत होते. अनोळखी लोकांची, ज्यांना त्यातलं काहीच कळणार नव्हतं त्यांची. सुकेशिनीला त्या सगळ्या मेलेल्यांचा हेवा वाटला. असला हेवा वाटतो याची लाजही वाटली, पण हेवा काही कमी झाला नाही.

"कडेवरची खूण नाही," ती म्हणाली. "लिहून टाक."

दुपारी तिने फॉर्म भरला. 'वाचन पूर्ण.' जवळच्या नातेवाइकाची सही, वाचकाची सही, दोन्हीकडे एकच नाव. कागद मॅडमच्या टेबलावर ठेवून ती वळली.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण कुठे झालंय? घोट्याच्या खालचं?"

"ते आपण करतच नाही ना."

आणि खरंच करत नव्हते. यामागे कसलंही शास्त्र नव्हतं, नुसती आपली जुनी खोड. विच्छेदन हातापासून सुरू होतं, मग छाती, पोट, डोकं, आणि पाय सगळ्यांत शेवटी. तळपाय येईस्तोवर परीक्षा येऊन ठेपलेली असते. मग सर म्हणतात तळपाय घरी वाचून घ्या, आणि मुलं काही तो वाचत नाहीत. वर्षानुवर्षं हेच. पुढे त्याच मुलांनी ताणवाचकाचा आराखडा बसवला, तेव्हा तुकडे कुठून घ्यायचे ती यादीही घोट्यापाशी थांबवली. त्यामुळे आजवर पाहिलेल्या एकूणएक सावल्यांना पावलंच नव्हती. त्या जमिनीपासून वीतभर वर का तरंगतात हे इतक्या हुशार मंडळींपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सगळ्यांना ते दिसायला छान वाटायचं, एवढंच.

"अर्धवट कागदावर मी सही करत नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि तुझ्या वडिलांच्या तर नाहीच नाही."

सुकेशिनीला मनातून राग आला. आता पायात काय सापडणार होतं! पण मॅडमपुढे कोणाचं चालत नसे. शोएबने पुन्हा माफी मागून दोन्ही पावलांतून चाळीस तुकडे घेतले, तिने नवी यादी यंत्राला शिकवली. दोन दिवस गेले. बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी पुन्हा पडदे ओढले.

या वेळी सावली तरंगली नाही. ती जमिनीवर उभी राहिली, पाय रोवून. तेवढ्यानेच खोलीत कोणीतरी आल्यासारखं वाटलं, शोएब नकळत खुर्चीवरून उठला. सावलीने काम केलं, चालली, थांबली आणि मग खाली बसली. पाठ टेकवली, उजवा पाय लांब केला. हात मांडीवर स्वस्थ. आणि उजव्या पायाचा अंगठा आत वळला, सावकाश ओढल्यासारखा. सुटला. पुन्हा वळला, पुन्हा सुटला. दर तीन सेकंदांनी, न चुकता. अंगठ्याला काहीतरी पलीकडून ओढत होतं आणि तो ते परत खेचत होता.

"शिलाई मशीन असेल?" शोएब कुजबुजला.

"एका अंगठ्याने?"

बराच वेळ ती दोघं बघत बसली. बघता बघता डोळे जड होतील असा तो ठेका होता. शेवटी सुकेशिनी बाहेर व्हरांड्यात गेली आणि तिने आत्याला फोन लावला. आत्या आता मूर्तिजापूरला मुलाकडे राहत होती.

"आत्या, बाबा अंगठ्याने काही ओढायचे का गं? बसून? उजव्या पायाच्या?"

"अवं माय, त्यात काय समजाचं हाय? पायन्याची दोरी ते," आत्या म्हणाली. "म्या सैपाकात राहो, अन् तुहा बाप भिंतीले टेकून खाली बसे. अंगठ्याले दोरी बांधे अन् तुहा पायना हालवे. तू झोपल्याबिगर पाय थांबवे नाही. कितीक खेप तर म्या त्याले तिथंच ताट नेऊन देल्लं."

सुकेशिनीने कठडा धरला. "पाळणा पायाने का? हाताने का नाही?"

"हात लावाले भ्याचा ना वं थो. त्याले कोण्या डाक्टरनं सांगतलं होतं, का ते औषीद लागलं का अंगातलं सारं जिथल्या तिथं थिजते, मंग काही वाढत नाही. थो म्हने, 'माह्या हातात ते मुरलं हाय, पंचफुले. पोरगी वाढाची हाय अजून.'"

"मला कधीच का सांगितलं नाहीस?"

"तू कधी इचारलं? अन् पायना हालवनं ही का सांगाची गोष्ट हाय?"

सुकेशिनीने फोन ठेवला. आत्याचं 'औषीद' म्हणजे देह ज्यात ठेवतात ते फॉर्मलीन. फॉर्मलीन पेशीतली प्रथिनं एकमेकांत अडकवून टाकतं, त्याला स्थिरीकरण म्हणतात. पहिल्या सेमिस्टरला तिने हे चार गुणांसाठी लिहिलं होतं. देह फॉर्मलीनमध्ये बुडवून ठेवावा लागतो तेव्हा कुठे तो थिजतो. साबणाने धुतलेल्या हाताने लेकरू थिजत नाही. हे तिने बाबांना एका वाक्यात सांगितलं असतं. एका वाक्यात! आणि दोघं रोज एकाच इमारतीत येत होते, एकच जिना चढत होते, कारण लिफ्ट बंद होती. तिला हसू आलं, आणि त्या हसण्याचं रडू कधी झालं ते कळलं नाही.

"सुकेशिनी," आतून शोएबची हाक आली. "जरा थर बघून जा."

ती डोळे पुसून आत गेली आणि पाळण्याच्या दोरीचं तिने त्याला सांगितलं. शोएबने अंगठ्याच्या खुणा वयाप्रमाणे वेगळ्या करून पडद्यावर मांडल्या होत्या. सगळ्यांत जुन्या थरात ताण अगदी थोडा होता. पुढच्या महिन्यात किंचित जास्त. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी. रेघ हळूहळू चढत गेली होती, जवळजवळ दोन वर्षं.

"वजन वाढत होतं पाळण्यातलं," शोएब म्हणाला. "म्हणजे तू."

सुकेशिनीने त्या रेघेवरून बोट फिरवलं. वाढत होते मी, बाबा. तुम्हाला कळत होतं की. रोज कळत होतं.

"इथे बघ, ताण एकदम शून्य. दोरी सुटली."

"पाळणा काढला असेल. दोन वर्षांची झाले असेन."

"हो. मग खुणा इथे संपायला हव्यात." शोएबने घसा साफ केला. "त्या संपत नाहीत."

त्याने पुढचे थर उघडले. एकेक वर्षाचा थर. ताण शून्य, दोरी नाही, वजन नाही, आणि तरी अंगठा वळत होता, सुटत होता. दर तीन सेकंदांनी. ती बालवाडीत गेली तेव्हाही. दहावीला बोर्डात आली तेव्हाही. ती याच विभागात दाखल झाली त्या वर्षीचा थर तर इतरांपेक्षा जाडच होता. शेवटची खूण बाबा जाण्याच्या चार दिवस आधीची होती.

"एकवीस वर्षं," शोएब हळूच म्हणाला. "बसले की हलवत असणार. त्यांना स्वतःलाही माहीत नसेल." मग तो उठला, चहा आणतो म्हणाला आणि दार ओढून घेऊन गेला. त्याला चहा नको होता.

खोलीत निळा उजेड आणि ती. सावली भिंतीला टेकल्यासारखी बसली होती. डोळे नाहीत, चेहरा नाही, मांडीवर हात आणि उजव्या पायाचा अंगठा चालूच. सुकेशिनी तिच्यासमोर फरशीवर बसली.

"बाबा," ती म्हणाली, "झोपले हो मी. केव्हाचीच झोपले. राहू द्या आता पाय."

अंगठा वळला, सुटला. पुन्हा वळला.

ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिथेच, भर दुपारी, त्या गार फरशीवर एका कुशीला आडवी झाली, हात उशाला घेतला आणि डोळे मिटून घेतले.